कोसळत्या कड्यासमोर

हिमनदीचा कडा कोसळतो तेव्हा डोळ्यांना आधी कळते आणि कानांना नंतर. दोन-अडीच किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला बर्फाची भिंत आवाजाविना सुटताना दिसते, खालचे पाणी उसळताना दिसते, आणि सात-आठ सेकंद उलटल्यावर धडाका पोचतो. तोवर शेजारचा तुकडाही निघालेला असतो. अंतराचा अंदाज तर हमखास चुकतो. आसपास झाड नसते, घर नसते, माणूस नसतो. नजरेने मापाला धरावे असे काहीच नसते. शंभर मीटर उंचीचा कडा तीस मीटरांचा भासतो. पडणारा खंड संथपणे खाली येतो आहे असे वाटले, तर तो फार मोठा आहे एवढे त्यातून समजायचे.

२८ मे २००८ रोजी पश्चिम ग्रीनलंडमधील इलुलिसाट हिमनदीसमोर ॲडम लेविंटर आणि जेफ ऑर्लोव्स्की हे दोघे कॅमेरे लावून बसले होते. कित्येक दिवस काहीच घडले नव्हते. मग कडा सुटू लागला आणि ७५ मिनिटे सुटतच राहिला. त्या वेळात ७.४ घन किलोमीटर बर्फ समुद्रात उतरला. जवळजवळ पाच किलोमीटर रुंदीचे हिमनदीचे तोंड दीड किलोमीटरभर मागे सरकले. पाण्यावर दिसणारा कडा शंभर मीटरांच्या आसपास असला तरी पाण्याखालचा भाग धरून बर्फाची जाडी नऊशे मीटरांच्या घरात होती. त्यामुळे हे खंड नुसते पडत नव्हते. ते उलटत होते, आणि कधीही उजेड न पाहिलेला तळाचा गडद बर्फ पाणी निथळत वर येत होता. जेम्स बेलॉग या छायाचित्रकाराने २००७ साली सुरू केलेल्या ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ या प्रकल्पाचे हे काम. ऑर्लोव्स्की यांच्या ‘चेसिंग आइस’ या २०१२ च्या माहितीपटातून ते जगभर गेले. आकार लोकांना कळावा म्हणून चित्रपटात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाचे टोक त्या दृश्यावर ठेवून दाखवावे लागले.

या ७५ मिनिटांचे मोल मोठे आहे. तरी बेलॉग यांच्या प्रकल्पाचा कणा ती नव्हती. तो होता दगडात रोवलेल्या, वादळे आणि थंडी सोसणाऱ्या कॅमेऱ्यांत. दिवसाउजेडी ठरावीक वेळाने तीच चौकट टिपत ते वर्षानुवर्षे उभे राहिले. हिमनद्यांविषयीच्या वृत्तान्तांचा प्रस्तुत संग्रह ज्या विचारावर उभा आहे तो इथेच सांगून टाकलेला बरा. बर्फ कोसळताना पाहणे आणि हिमनदीबद्दल साक्ष देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला काही मिनिटे पुरतात. दुसऱ्यासाठी कुणीतरी त्याच जागी परत यावे लागते.

कारण कडा कोसळणे ही हिमनदीच्या दृष्टीने रोजची गोष्ट आहे. उंचावर साचलेला बर्फ स्वतःच्या भाराने दाबला जातो, घट्ट होतो आणि थंडीत दाट झालेल्या काकवीसारखा उताराने सरकू लागतो. समुद्रापर्यंत किंवा तळ्यापर्यंत पोचलेल्या हिमनदीचे पुढचे टोक ताणले जाते, त्यात भेगा पडतात, पाण्याच्या पातळीशी बर्फ खालून झिजतो, वरचा भाग आधाराविना लोंबकळतो आणि तुटतो. खूप खोल पाण्यात टोक तरंगू लागते आणि पाण्याच्या उचलीनेच मोडते. शास्त्रज्ञ या सगळ्याला काल्व्हिंग म्हणतात. जेवढा बर्फ मागून येतो तेवढाच पुढे तुटत असेल तर हिमनदी जागच्या जागी राहते. अर्जेंटिनातील पेरितो मोरेनो ही याचे नावाजलेले उदाहरण. तिचे टोक लागो अर्जेंतिनो तळ्याची एक बाजू अधूनमधून बंद करते, पाणी तुंबते, बर्फाखाली कमान तयार होते, ती ढासळते आणि समोरच्या पायवाटांवर जमलेले हजारो पर्यटक तो क्षण पाहतात. १९१७ पासून असे अनेकदा घडले आहे आणि त्यातला बराच काळ हिमनदी एकंदरीत होती तिथेच होती. अलीकडे, २०१९ नंतर, ती मागे हटू लागल्याचे मोजमापांवरून दिसले. पायवाटेवरच्या माणसाला मात्र दोन्ही काळांत सारखाच धडाका ऐकू आला असणार.

अलास्कातील हबर्ड हिमनदी तर आजही पुढे येते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फियॉर्डचे, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याचे, तोंड काही काळ बंद केले. वातावरण तापते आहे हे खरे, आणि काही हिमनद्या पुढे सरकतात हेही खरे. ही दोन सत्ये एकत्र धरण्याची तयारी नसेल, तर या विषयातले पहिले चित्र पाहताच वाचक चुकीच्या निष्कर्षाला पोचेल.

या क्षेत्राचा इतिहास सहसा विद्यापीठांपासून सांगितला जातो. त्याची सुरुवात खरी झाली ती बर्फाच्या शेजारी राहणाऱ्यांपासून. अलास्कातील ग्लेशियर बे परिसरातल्या हूना त्लिंगित लोकांच्या परंपरेत एक वृत्तान्त पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो: एका तरुणीने एकांतवासात असताना हिमनदीला हाक मारली, बर्फ कुत्रा धावेल तशा वेगाने गावावर चालून आला आणि लोकांना मायभूमी सोडावी लागली. भूशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे काढलेला काळ, म्हणजे अठराव्या शतकाचा मध्य, या आठवणीशी जुळतो. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी तिथे पोचला तेव्हा आजच्या उपसागराच्या जागी बर्फाच्या भिंतीतली एक छोटी खाच तेवढी होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर त्लिंगित नावाड्यांबरोबर होडीतून आला, तर भिंत चाळीस मैलांहून अधिक मागे गेलेली. १९१६ पर्यंत हे अंतर ६५ मैल झाले.

म्यूरच्या लेखनाने लोकांना वेड लावले. १८८३ पासून आगबोटी ग्लेशियर बेमध्ये प्रवासी नेऊ लागल्या आणि म्यूर हिमनदीचा कोसळणारा कडा पाहणे ही श्रीमंत अमेरिकनांची हौस झाली. सप्टेंबर १८९९ मध्ये याकुटाट भागात प्रचंड भूकंप झाला, कडा विस्कटला, उपसागर हिमखंडांनी भरून गेला आणि कित्येक वर्षे जहाजांना आत शिरता येईना. हिमपर्यटनाचा हा पहिला बहर असा बर्फानेच थांबवला. पुढे १९२६ पासून विल्यम फील्ड याने तिथे एक साधे पण चिवट काम केले: ठरलेल्या खडकावर उभे राहून तेच छायाचित्र पुन्हा काढायचे. म्यूर हिमनदीचे त्याने १९४१ मध्ये काढलेले चित्र आणि त्याच जागेवरून ब्रूस मोल्निया यांनी २००४ मध्ये काढलेले चित्र शेजारी ठेवले, तर पहिल्यात चौकटभर बर्फ आहे आणि दुसऱ्यात पाणी आणि हिरवे डोंगर.

आल्प्समधली गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि या प्रस्तावनेत तिला जास्त जागा द्यायला हवी. कारण हिमनद्यांचे आधुनिक शास्त्र एका कोसळण्याच्या सावलीत वाढले. इंडोनेशियात १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढची वर्षे युरोपात गारठ्याची गेली. स्वित्झर्लंडच्या व्हाल द बान्य खोऱ्यात डोंगरकड्यावर लोंबणाऱ्या ज्येत्रो हिमनदीचे तुकडे खालच्या नदीत पडत राहिले, साचत गेले आणि त्यांचा बांध झाला. मागे तळे भरू लागले. १८१८ च्या वसंतात इग्नात्स वेनेत्स या सरकारी अभियंत्याने बर्फातून बोगदा खणून पाणी काढायला घेतले. बराच साठा त्याने सावकाश खाली सोडला. तरीही १६ जूनला बांध फुटला आणि खोऱ्यात सुमारे चाळीस माणसे गेली. त्याच खोऱ्यातल्या झां-पिएर पेरोदँ नावाच्या शिकाऱ्याने तीन वर्षे आधी, १८१५ मध्ये, झां द शारपांतिए या खाणतज्ज्ञाला सांगितले होते की पूर्वी सगळे खोरे बर्फाने भरलेले असले पाहिजे. उंचावर पडलेले परके दगड दुसऱ्या कुणी आणलेले नाहीत. शारपांतिएला तेव्हा ते पटले नाही. पुढे वेनेत्सने पुरावे जमवले, वेनेत्सने शारपांतिएला पटवले, शारपांतिएने निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीला. अगासीने १८३७ मध्ये न्यूशातेल येथे हिमयुगाची कल्पना मांडली आणि १८४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कीर्ती अगासीला मिळाली. शारपांतिएने आपल्या ग्रंथात त्या शिकाऱ्याचे श्रेय नोंदवून ठेवले, हे त्याचे मोठेपण.

इथून पुढे अभ्यासाच्या वाटा फुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जेम्स फोर्ब्स आणि जॉन टिंडल या शास्त्रज्ञांचा वाद रंगला: बर्फ दाट द्रवासारखा वाहतो, की तुटत आणि पुन्हा सांधत सरकतो? हा वाद शंभर वर्षांनी मिटला, जेव्हा जॉन ग्लेन याने १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फावर दाब देऊन त्याच्या प्रवाहाचा नियम मांडला आणि जॉन नाय याने तो हिमनद्यांना लावला. वाहण्याचे गणित अशा रीतीने हाती आले. तुटण्याचे गणित मात्र आजही पुरते हाती आलेले नाही, आणि या विषयातली सगळी अस्वस्थता तिथे आहे.

त्या गणिताच्या शोधात सर्वाधिक शिकवले ते अलास्कातील कोलंबिया हिमनदीने. १९७७ मध्ये अलास्काची तेलवाहिनी वाल्डीझ बंदरापर्यंत पोचली आणि तेलवाहू जहाजांच्या वाटेजवळच ही हिमनदी समुद्रात उतरत होती. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातील मार्क मायर आणि ऑस्टिन पोस्ट यांनी तिचा अभ्यास करून इशारा दिला की ती लवकरच उथळ जागेचा आधार सोडेल आणि वेगाने मागे हटेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तसेच झाले, आणि त्यानंतर ती वीस किलोमीटरांहून अधिक मागे गेली आहे. या अभ्यासातून एक ठोस निरीक्षण निघाले: टोकाजवळचे पाणी जितके खोल, तितका तुटण्याचा वेग जास्त. इशाऱ्याला दुसरेही एक परिशिष्ट आहे. २४ मार्च १९८९ च्या रात्री ‘एक्झॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज कोलंबिया हिमनदीतून सुटलेले हिमखंड टाळण्यासाठी नेहमीची वाट सोडून गेले आणि ब्लाय रीफवर आदळले. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले. हिमनदीचे तुटणे दूरच्या किनाऱ्यावरची मासेमारी कशी बुडवते, हे दाखवायला याहून थेट साखळी क्वचितच सापडेल.

पाण्याच्या खोलीवर भर देणाऱ्यांच्या शेजारी आणखी पंथ उभे राहिले. कुणी भेगांची खोली मोजतो आणि भेग पाण्यापर्यंत पोचली की कडा सुटतो असे मानतो. कुणी समुद्राच्या उष्णतेकडे बोट दाखवतो. इलुलिसाटच्या बाबतीत डेव्हिड हॉलंड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की १९९७ च्या सुमारास खोलवरून तुलनेने उबदार पाणी किनाऱ्याशी आले आणि त्यानंतर तिची तरंगती जीभ मोडून गेली. हा पुरावा कुठून आला? ग्रीनलंडच्या मत्स्यसर्वेक्षणात समुद्रतळाशी नोंदवलेल्या तापमानांतून. मासळीसाठी ठेवलेली वही हिमनदीच्या कामी आली. १९९० च्या दशकाच्या तुलनेत या हिमनदीचा वेग दुपटीच्या वर गेला. २०१२ च्या उन्हाळ्यात तो वर्षाला १७ किलोमीटरांच्या दराला पोचला. मग २०१६ नंतर थंड पाणी परतले आणि ती काही वर्षे मंदावलीसुद्धा. समुद्राची भूमिका त्याने अधिकच पक्की झाली.

चौथा पंथ अंटार्क्टिकाकडे पाहतो. हान्स वीर्टमन याने १९७४ मध्ये आणि जॉन मर्सर याने १९७८ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ समुद्रपातळीखालच्या, आतल्या बाजूला उतरत गेलेल्या तळावर बसलेला आहे, म्हणून एकदा मागे हटू लागला तर थांबणे अवघड, अशी शंका मांडली होती. डीकॉन्टो आणि पोलार्ड यांनी २०१६ मध्ये पुढचे पाऊल टाकले: फार उंच हिमकडा स्वतःच्या वजनानेच ढासळेल, मग त्यामागचा, मग त्याहून मागचा. हे खरोखर इतक्या वेगाने होईल का, यावर आज कडाडून वाद चालू आहे. शतकाअखेरच्या समुद्रपातळीचे अंदाज एवढे पसरट का असतात याचे एक मोठे कारण हाच वाद. वाचकाने त्याला शास्त्राचा गोंधळ समजू नये. जे कोसळणे माणसाने अजून पुरेसे पाहिलेले नाही त्याबद्दल प्रामाणिकपणे अंदाज करायचा म्हटले की अंदाज पसरटच येतात.

पाहण्याची साधनेही बदलली. जानेवारी-मार्च २००२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पालगतचा लार्सन-बी हा समुद्रावर तरंगणारा हिमथर सुमारे पाच आठवड्यांत विस्कटला. ३,२५० चौरस किलोमीटर. गोव्याच्या क्षेत्रफळाच्या हा जवळजवळ नऊ दशांश भाग. सुमारे दोनशे मीटर जाडीचा हा थर निदान दहा हजार वर्षे टिकून होता. त्याच्या मोडण्याचे मुख्य साक्षीदार उपग्रह होते. त्यांच्या चित्रांत आधी पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची निळी डबकी दिसतात, मग ते पाणी भेगांत उतरून थर चिरत जाते, मग निळसर चुरा. आधीच तरंगणारा बर्फ सुटल्याने समुद्र वाढत नाही. पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या मोकळ्या झाल्या आणि काहींचा वेग कित्येक पट झाला. तो बर्फ जमिनीवरचा होता, आणि त्याने समुद्र वाढतो.

२००३ मध्ये गोरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि जेफ्री एबर्स यांनी ग्रीनलंडमधून येणारे पाच रिश्टरच्या आसपासचे संथ भूकंप ओळखले. नेहमीच्या पद्धती वेगवान धक्के शोधतात, म्हणून ते निसटत होते. मोठे हिमखंड उलटताना मागच्या हिमनदीला जो रेटा देतात त्याची ती नोंद होती. एरिन पेटिट यांच्या गटाने पाण्याखाली मायक्रोफोन सोडले, तेव्हा हिमनद्यांचे फियॉर्ड समुद्रातल्या सर्वांत गोंगाटी जागांपैकी असल्याचे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. जुन्या बर्फात दाबून कोंडलेले हवेचे बुडबुडे वितळताना फुटत राहतात. आणि १६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फियॉर्डमध्ये तर एकही माणूस हजर नसताना जगभरच्या भूकंपमापकांनी साक्ष दिली. पायथ्याची हिमनदी पातळ झाल्याने आधार गेलेला डोंगराचा भाग पाण्यात कोसळला, सुमारे दोनशे मीटर उंच लाट उठली आणि अरुंद फियॉर्डमध्ये पाणी नऊ दिवस हिंदकळत राहिले. हा काय प्रकार आहे हे शोधायला अनेक देशांचे शास्त्रज्ञ वर्षभर झटत होते.

हिमालयात हे सगळे वेगळ्या रूपात येते. तिथे समुद्र नाही. कडे लोंबतात ते दऱ्यांवर, आणि दऱ्यांत माणसे राहतात. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात रोंती शिखराचा एक पूर्ण उतार सुटला. सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटर, त्यातला चार पंचमांश खडक आणि एक पंचमांश बर्फ. घसरताना झालेल्या घर्षणाने बर्फाचे पाणी झाले आणि ऋषिगंगा-धौलीगंगेतून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. १९७४ मध्ये गौरादेवींनी झाडांना मिठी मारण्यासाठी बायका जमवल्या ते रैणी गाव याच वाटेवरचे. वरच्या घरांतून लोक मोबाइलवर चित्रण करत होते आणि खाली काम करणाऱ्यांना ओरडून पळायला सांगत होते. त्या चित्रफितींचा उपयोग नंतर शास्त्रज्ञांना लोंढ्याचा वेग काढायला झाला. पहिल्या दिवशी बातम्यांत मात्र सगळीकडे ‘हिमनदी फुटली’ असेच आले. कारण नीट ओळखणे हा केवळ अभ्यासकांचा हट्ट नव्हे. पुढच्या वेळी सूचना कशाची द्यायची, तळ्याची की कड्याची, हे त्यावर ठरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये धोका तळ्याचा होता: हिमनदी मागे हटत गेल्याने वाढलेल्या दक्षिण ल्होनाक तळ्यात काठाचा गोठलेला उतार कोसळला, लाट उठून हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा, बांध फुटला आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले.

वेळेवर पाहिले तर काय होते, हे स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावाने दाखवले. बर्च हिमनदीवर वरच्या डोंगराचा खडक पडत होता, तिचा वेग वाढत होता आणि निरीक्षक तो रोज मोजत होते. १९ मे २०२५ ला सुमारे तीनशे गावकऱ्यांना हलवले. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि गावाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग गाडला गेला. एका माणसाचा जीव गेला. घरे, चर्च, कुरणे सारे गेले. गाव मात्र जिवंत राहिले, कारण गाव म्हणजे माणसे. चमोलीत अशी सूचना देणारी व्यवस्था नव्हती. फरक डोंगरातला कमी आणि आपण त्याच्याकडे किती नेमाने पाहतो यातला जास्त आहे, असे या संग्रहाच्या संपादकांचे ठाम मत आहे, आणि त्याच्याशी असहमत होणे कठीण आहे.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध गंगोत्री-गोमुखाच्या यात्रेपुरता आहे असे समजायचे कारण नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून. पाठोपाठ उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे तरंगत्या हिमथरावर होते आणि काही वर्षांत ते बर्फात गाडले जाऊन सोडून द्यावे लागले. म्हणून पुढचे ‘मैत्री’ खडकावर बांधले. आज या सगळ्या कामाची सूत्रे गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून हलतात. या केंद्राचे ‘हिमांश’ हे ठाणे २०१६ पासून स्पितीत चार हजार मीटरांवर आहे आणि ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून स्वालबार्डमध्ये. हिमाद्रीसमोरच्या कॉंग्सफियॉर्डमध्ये क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्या थेट समुद्रात तुटतात, आणि त्याच पाण्यात २०१४ पासून ‘इंडआर्क’ ही भारतीय उपकरणांची माळ बसवलेली आहे. त्यात पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्रही आहे.

दुसरा धागा समुद्राचा. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगाचा समुद्र सुमारे सात मीटर चढेल. त्याला शतकानुशतके लागतील, पण थोडा अंशसुद्धा किनाऱ्याला पुरेसा आहे. त्यातही हे पाणी सगळीकडे सारखे चढत नाही. ग्रीनलंडचा अवाढव्य बर्फ स्वतःच्या गुरुत्वाने भोवतालचा समुद्र आपल्याकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ती ओढ सैल होते, जवळचा समुद्र उतरतो आणि दूरचा सरासरीपेक्षा जास्त चढतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी ही त्या दूरच्या किनाऱ्यावरची गावे आहेत. इलुलिसाटच्या तुटण्याची झळ इलुलिसाटच्या धक्क्यापेक्षा आपल्या खाडीला अधिक लागणार.

इतके सगळे असूनही या विषयावरचे मराठी लेखन आजवर दोनच सुरांत राहिले: प्रवासवर्णनातले विस्मयाचे उद्गार आणि वर्तमानपत्रातले विनाशाचे मथळे. दुसऱ्या सुराने नुकसानही केले आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा उल्लेख आला आणि २०१० मध्ये तो चुकीचा असल्याचे मान्य करावे लागले. त्या एका आकड्याने खऱ्या मोजमापांवरचाही विश्वास काही काळ डळमळला. लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून खांब रोवून, दरवर्षी चढून जाऊन संशोधकांनी जी घट मोजली आहे ती पुरेशी गंभीर आहे. तिला फुगवण्याची गरज नाही.

म्हणून या संग्रहात चार प्रकारच्या नजरा एकत्र आणल्या आहेत. बर्फाजवळ राहणाऱ्यांची, प्रवाशाची, मोजणाऱ्याची आणि ज्याच्या अंगावर बर्फ आला त्याची. त्यांचा क्रम काळानुसार लावलेला नाही. मध्ययुगीन आठवणीनंतर उपग्रहाची नोंद येते, कारण दोघांचा विषय एकच हिमनदी असतो. जिथे साक्षीदारांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही तिथे ते जुळवून घेतलेले नाही. कोसळणे किती वेळ चालले, लाट किती उंच होती, आवाज आधी आला की वारा, यांवर एकाच जागी उभी असलेली दोन माणसेही वेगळे सांगतात. अशा वेळी तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि कड्यापासूनचे अंतर हे चार तपशील प्रत्येक वृत्तान्ताच्या वर दिले आहेत. कुठे ते मिळाले नाहीत तिथे जागा कोरी ठेवली आहे.

काही गोष्टी इथे नाहीत. वितळण्याचे रसायन आणि धोरणांची चर्चा दुसऱ्या पुस्तकांची कामे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचे वर्ष ठरवले आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन. त्यानिमित्ताने प्रसिद्ध झालेली आकडेवारीही एका परिशिष्टापुरती घेतली आहे. सर्वांत मोठी उणीव हिमालयाच्या भागात जाणवेल. तिथे कडे कोसळताना सर्वांत जास्त वेळा पाहिले असेल ते मेंढपाळांनी, ओझेवाल्यांनी, सीमेवरच्या जवानांनी आणि जलविद्युत प्रकल्पांवरच्या मजुरांनी. त्यांतले फार थोडे कुठे लिहिले गेले आहे. जे मिळाले ते बोलीतल्या त्यांच्या मापांसह, म्हणजे ‘दोन शेतांएवढा’, ‘चहा होईपर्यंत’, असेच ठेवले असून शेजारी मीटर आणि मिनिटे दिली आहेत. पुढच्या आवृत्तीसाठी संपादकांनी हाच भाग वाढवायला घेतला आहे. हिमालयात चढणाऱ्या, तिथे नोकरी केलेल्या मराठी वाचकांकडे जुनी छायाचित्रे असतील, तर जागा आणि महिना लिहून ती जपून ठेवावीत. त्याच खडकावर पुन्हा कुणाला तरी उभे राहायचे आहे.